सीटीत 'आतड्यात आतडं' अन् गाठी, टीबी म्हणतात... सिलिॲक असू शकतो का?

मानेवाड्यातला:
लहान बहीण, वय २७. दोन वर्षांपासून हिमोग्लोबिन ८ च्या वर जातच नाही, लोहाच्या गोळ्या खाऊन थकली बिचारी. पोट फुगते, वजन उतरून राहिलं, पण जुलाब म्हणाल तर फारसे नाहीत. मागच्या आठवड्यात जोरात कळ आली म्हणून सीटी केला तर जेजुनममध्ये (लहान आतड्याचा मधला भाग) इंटससेप्शन, म्हणजे आतड्यात आतडं शिरलं म्हणे, अन् पोटात सुजलेल्या गाठी (लिम्फ नोड). सर्जन ऑपरेशनचं बोलले, दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत ते दिसलंच नाही! आता दुसरे डॉक्टर गाठींसाठी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करू म्हणतात. रिपोर्टच्या शेवटी 'सिलिॲकचा विचार करावा' (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं खराब होते तो आजार) अशी एक ओळ आहे, तिच्याबद्दल कोणी काही बोलूनच नाही राहिलं. काऊन?

फिल्मबघ्या:
दादा, त्या ओळीवर डॉक्टरांशी नक्की बोला. मी रेडिओलॉजीत रेसिडेंट आहे. मोठ्या माणसात इंटससेप्शन दिसलं की आधी ट्यूमर शोधतात, ते बरोबरच आहे, पण सिलिॲकमध्ये आतडं ढिलं पडून फुगते अन् थोडा वेळ आत शिरून आपोआप सुटते. रिपोर्टमध्ये 'लीड पॉइंट' (आतड्याला आत ओढणारी गाठ वगैरे) नाही असं लिहिलंय का बघा. जेजुनमच्या आत घड्या दाट असतात अन् इलियममध्ये (लहान आतड्याचा शेवटचा भाग) विरळ, सिलिॲकमध्ये हे उलटं होऊ शकते. प्लीहा लहान झालीय का तेही पाहा. गाठी सिलिॲकमध्येही सुजतात, क्वचित मधून पोकळ होऊन आत चरबी अन् पाण्याचे दोन थर दिसतात. मधे काळपट दिसणाऱ्या गाठी टीबीतही असतात, म्हणून गोंधळ होतो, अन् लिम्फोमा (लिम्फ गाठींचा कॅन्सर) तर नाही ना हेही पाहावंच लागते. नुसत्या सीटीवर काहीच पक्कं नाही. रक्तात टीटीजी आयजीए (सिलिॲकमध्ये वाढणारी अँटीबॉडी) करा, सोबत टोटल आयजीए, कारण तेच कमी असेल तर टीटीजी उगाच नॉर्मल येते. मग एंडोस्कोपीत ड्युओडेनमची (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) बायोप्सी.

भाकरीवाली:
भाऊ हात जोडून सांगते, टेस्ट अन् बायोप्सी होईपर्यंत तिची पोळी बंद करू नका!! मला कोणीतरी गहू सोड म्हटलं, मी तीन महिने सोडला, टेस्ट क्लिअर आली, मग परत कित्येक आठवडे गहू खाऊन, पोट धरून बसून, सगळं नव्यानं करावं लागलं. मलाही जुलाब नव्हते, फक्त ॲनिमिया. निदान झाल्यावर ज्वारीची भाकरी, भात, बेसनाची पाटवडी सगळं चालते, आपल्या विदर्भात उपाशी नाही राहत कोणी. पण हिंग बघा, बांधानी हिंगात (पीठ मिसळून केलेला, बाजारात मिळतो तो) बरेचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, मला ते कळायलाच वर्ष गेलं. तर्री-पोहे खाताना तर्रीत कोणता हिंग आहे ते मी आजही विचारते.

मानेवाड्यातला:
रिपोर्ट परत वाचला, 'लीड पॉइंट दिसत नाही' असंच आहे. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी स्वतःच एकेटी थांबवलं अन् दोन्ही टेस्ट लिहून दिल्या. सकाळी धंतोलीत रक्त देऊन आलो. सध्या पोळी चालू आहे ताई, आईला तुमचं सगळं वाचून दाखवलं.