मदत हवी आहे : सुकाणूचा दांडा पात्याला टिकत नाही, टाका रात्रीत फुटतो

हर्णैकर_पोर
नमस्कार मंडळी. घाई आहे म्हणून थेट विचारतो. आमच्या बोटीच्या सुकाणूचा स्टेनलेसचा दांडा एमएसच्या (माइल्ड स्टील, साधं लोखंड) पात्याला वेल्ड केला की तडा जातो. वेल्डर बदलून झाला, मशीन बदलून झालं, रॉडही बदलून झाला. ३१ जुलैला मासेमारीची बंदी उठतेय, बोट आंजर्ल्याच्या खाडीत वर घेतलीय, खलाशी येऊन बसलेत आणि त्यांचा खर्च चालू आहे. कुठला रॉड वापरायचा एवढंच सांगा. लेक्चर नको.

रॉडवाला
३०९ एल. विषय संपला. एमएसला स्टेनलेस जोडायचं तर ३०९. ३०८ हा स्टेनलेसला स्टेनलेस जोडायचा. रत्नागिरीत निम्मे लोक ३०८ मारतात आणि मग माझ्याकडे येतात.

हर्णैकर_पोर
३०८ मारून झाला. एमएसचा ७०१८ मारून झाला. शेवटी ३०९च मारला. संध्याकाळी एकदम झकास दिसत होता, सकाळी बघतो तर केसासारखा तडा.

धातुवेडा
थांबा जरा. दांडा किती जाडीचा? ग्रेड कुठला? तडा टाक्याच्या मधून आहे की कडेने? कडेने असेल तर दांड्याकडच्या की पात्याकडच्या? "टाका फुटतो" एवढंच सांगणं म्हणजे डॉक्टरला फोनवर "दुखतंय" सांगण्यासारखं आहे.

हर्णैकर_पोर
दांडा ५० एमएम, प्लेट १० एमएम. ग्रेड म्हणजे स्टेनलेस, अजून काय असतं त्यात? तडा कडेने.

पुणेरी_अभियंता
मुळात रॉडने करताच का? टिग करा, म्हणजे आर्गॉन वायूच्या आडोशाने वेल्डिंग. आर्गॉनखाली स्वच्छ काम होतं, स्लॅग (टाक्यावर साचणारा मळ) नाही, ओलावा नाही. आणि भिन्न धातू जोडताना एक लक्षात ठेवा, ॲल्युमिनियम आणि स्टील थेट वितळवून जोडता येत नाहीत. मधे लोह-ॲल्युमिनियमची ठिसूळ संयुगं तयार होतात. म्हणून स्टीलच्या जहाजावर ॲल्युमिनियमची केबिन बसवताना मधे जी पट्टी घालतात, तिचे थर स्फोटाच्या दाबाने एकमेकांना चिकटवलेले असतात. वेल्डिंग मग दोन्हीकडे आपापल्या धातूला. फारच रोचक तंत्र आहे.

हर्णैकर_पोर
साहेब, माझ्याकडे ॲल्युमिनियम कुठाय?

रॉडवाला
पुण्याच्या शेडमध्ये टिग ठीक. इथे खाडीवर जुलैचा वारा सुटला की आर्गॉन टॉर्चमधून निघाल्या निघाल्या गुहागरला पोचतो. उरतात ती छिद्रं. ताडपत्री बांधून रॉडनेच काम होतं. पण रॉड कोरडा पाहिजे. हर्णैकर, रॉडचं पाकीट कधी फोडलेलं? पावसात उघडं ठेवलं असेल तर दमट झालेले असणार. दुकानदार म्हणतो उन्हात ठेवा. अरे बाबा, ऊन कुठाय आणि उन्हाने होतंय काय! ७०१८ ओव्हनमध्ये ३०० ते ३५० डिग्रीला तास-दोन तास भाजावा लागतो. स्टेनलेसच्या रॉडचा आकडा पाकिटावर छापलेला असतो, तो बघायचा.

जुना_तांडेल
आमच्या वडिलांच्या बोटीला सागवानी सुकाणू होतं आणि भोवती लोखंडी पट्ट्या. कसला वेल्डिंग न् कसलं काय. बाकी १ ऑगस्टला कोण जातंय समुद्रात? नारळ वाहिल्याशिवाय आम्ही कधी बोट लोटली नाही. हल्ली सगळ्यांना घाई.

हर्णैकर_पोर
काका, तुमचं बरोबर आहे, पण आमच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे. पाकीट मागच्या मोसमातलं, अर्धं वापरलेलं.

गुहागरची_सून
इथे वेल्डिंगवाले जमलेत म्हणून विचारते. आमच्या गॅलरीचं रेलिंग स्टेनलेसचंच आहे, तरी वर्षभरात तांबूस डाग पडलेत. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. फसवलं का आम्हाला?

मालवणी_माणूस
बाबा रे, आधी एक सांग, त्या दांड्याक लोहचुंबक चिकाटता काय? ताईंनी पण लावून बघा.

हर्णैकर_पोर
आत्ता जाऊन बघितलं. खटकन बसतो आणि ओढल्याशिवाय सुटत नाही. स्टेनलेसला चिकटत नाही ना?

धातुवेडा
आता कुठे खरा प्रश्न सुरू झाला. ३०४ आणि ३१६ ला चुंबक चिकटत नाही. थंड अवस्थेत ठोकलेलं किंवा ओढलेलं ३०४ थोडंफार ओढतं, पण ५० एमएमच्या सळईवर खटकन बसणं वेगळं. आणखी दोन सांगा : हा दांडा घेतला कुठून, आणि आधी काय होतं?

हर्णैकर_पोर
मुंबईहून, भंगारातून. मोठ्या जहाजाचा शाफ्ट आहे म्हणाला. चकचकीत, सरळ, गंजाचा ठिपका नाही. लेथवाला मात्र कुरकुरला की टूल लवकर जातंय. आधी एमएसचाच दांडा होता ५० चा, तो बुशाच्या (दांडा ज्यात फिरतो त्या कड्याच्या) जागी गंजून बारीक झाला म्हणून बदलला. तडा दांड्याच्या बाजूला आहे, टाक्याला लागून. फोटो टाकला असता पण नेट नाही.

धातुवेडा
हे पहिल्याच पोस्टमध्ये असतं तर पान वाचलं असतं! आता थोडं लेक्चर होणारच, इलाज नाही.

स्टेनलेस म्हणजे एक धातू नाही, खानदान आहे. ३०४, ३१६ मध्ये निकेल भरपूर, ते थंड होताना कडक होत नाहीत. ४१०, ४२० मध्ये क्रोमियम साधारण १२-१३ टक्के, निकेल जवळपास नाही. ४१० मध्ये कार्बन ०.१५ टक्क्यांपर्यंत, ४२० मध्ये त्याहून जास्त. हे चुंबकाला चिकटतात आणि लाल करून नुसत्या हवेत सोडले तरी कडक होतात. पाण्यात विझवायचीही गरज नाही. आता ५० एमएमच्या थंड दांड्यावर टाका मारला की टाक्यालगतची दोन-तीन एमएमची पट्टी लाल होते आणि जाड दांडा तिची उष्णता झटक्यात ओढून घेतो. ती पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. तुमच्या दमट रॉडमधून हायड्रोजन आत शिरतो. टाका आकसताना ताण देतो. कडकपणा, हायड्रोजन आणि ताण हे तिघे एकत्र आले की तडा जातो, आणि तो लगेच नाही, काही तासांनी, कधी दोन दिवसांनीसुद्धा. म्हणून संध्याकाळी झकास आणि सकाळी तडा. टाका शाबूत, शेजारचा दांडा फुटलेला. रॉड कितीही बदला, त्या पट्टीला फरक पडत नाही.

रॉडवाला
म्हणजे तुम्ही आता दांडा गरम करायला सांगणार. स्टेनलेसला प्रीहीट कधीही द्यायचा नाही! तीस वर्षं हेच करतोय. गरम केलं की कडेला क्रोमियम जळतं आणि तिथून गंज धरतो.

धातुवेडा
३०४ बद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. क्रोमियम जळत नाही, ४५० ते ८५० डिग्रीत रेंगाळलं की कार्बनशी जोडी जमवून कणांच्या सीमेवर बसतं आणि आजूबाजूची जागा उघडी पडते. म्हणून एल ग्रेडमध्ये कार्बन ०.०३ च्या आत ठेवतात. पण ४१० ला हा नियम लावला तर जे होतं ते हर्णैकरांच्या दारात पडलंय. त्याला २००-३०० डिग्री प्रीहीट, काम संपेपर्यंत ती गरमी टिकवायची, सावकाश थंड करायचं आणि नंतर ७०० च्या आसपास टेम्परिंग, म्हणजे कडकपणा उतरवायला पुन्हा तापवणं.

पुणेरी_अभियंता
शेफलरचा १९४९चा आलेख बघा, सगळं स्पष्ट होईल. एमएस आणि ३०९ च्या मिश्रणात किती फेराइट (स्टीलची चुंबकाला चिकटणारी रचना) राहील ते त्यात काढता येतं.

धातुवेडा
आलेख टाक्याचं भविष्य सांगतो, शेजारच्या पट्टीचं नाही. ३०८ का चालत नाही ते मात्र त्यातून छान कळतं. त्यात एमएसचं लोखंड मिसळलं की क्रोमियम-निकेल पातळ होऊन टाकाच ठिसूळ बनतो. ३०९ मध्ये क्रोमियम २३ च्या आणि निकेल १२-१३ च्या आसपास, म्हणून पातळ होऊनही टाका लवचिक राहतो. ७०१८ ने स्टेनलेसवर काम करणं तर विसराच.

हर्णैकर_पोर
साहेब, पटलं. पण खात्री कशी करायची की हा ४१०च आहे?

मालवणी_माणूस
लोटे परशुरामला केमिकल कंपन्यांची कामं करणाऱ्या फॅब्रिकेटरकडे पीएमआयची गन असते, पिस्तुलासारखी. सळईला टेकवली की क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम स्क्रीनवर. आमच्या आइस प्लांटच्या पाइपाचं असंच बघून घेतलं होतं. चहा पाजलात तर पैसे पण घेणार नाही.

धातुवेडा
एक लक्षात ठेवा, ती गन कार्बन दाखवत नाही. ४१० की ४२० हे कळणार नाही, पण निकेल नाही एवढं कळलं तरी पुरे. निकेल ४ टक्के आणि सोबत तांबंही दिसलं तर तो १७-४ पीएच असू शकतो. तोही चुंबकाला चिकटतो, त्याची कथा वेगळी.

गुहागरची_सून
आमच्या रेलिंगला चुंबक चिकटत नाही. मग डाग का?

मालवणी_माणूस
ताई, मग ३०४ असेल. समुद्राजवळ ३१६ लागतं, त्यात २-३ टक्के मॉलिब्डेनम असतं. फसवलं असं नाही, फॅब्रिकेटरने स्वस्तातलं लावलं. गोड्या पाण्याने महिन्यातून एकदा धुवा. टाक्यांवरचा निळा-तपकिरी रंग पिकलिंग पेस्टने काढला नसेल तर डाग तिथेच आधी येतात. तारेच्या काथ्याने घासू नका, लोखंडाचे कण बसतात.

हर्णैकर_पोर
लोट्याला जाऊन आलो. क्रोमियम १२.६, निकेल ०.२. जहाजाचा शाफ्ट म्हणे! आता प्रीहीट करून हाच चालवू का? गॅसचा टॉर्च आहे.

धातुवेडा
माझं मत, फेकून द्या. टाका जमला तरी १२ टक्के क्रोमियमला खाऱ्या पाण्यात खड्डे पडतात, विशेषतः बुशाच्या आत जिथे पाणी अडतं. शिवाय टेम्परिंगला ७०० डिग्री लागतं आणि तितक्या गरमीत एमएसमधला कार्बन ३०९ च्या टाक्यात सरकतो, सीमेवर एमएसची मऊ पट्टी राहते. भट्टी आंजर्ल्यात आहे का? आणि प्रीहीट बोटीवर करणार असाल तर फायबरचा हल (बोटीचं अंग) पेटेल आधी.

रॉडवाला
हे मात्र खरं. सुकाणू उतरवूनच काम करा. ३१६ एल चा ५० चा दांडा आणा, सर्टिफिकेटसकट. ३०९ एल मॉली (मॉलिब्डेनमवाला) रॉड, प्रीहीट नाही, छोटे छोटे टाके, प्रत्येकानंतर हात जवळ नेऊन बघा. दोन्ही बाजूंनी पूर्ण लांबीभर. माझं ऐकाल तर वेल्डही नको, वर फ्लँज (बोल्टची चकती) टाकून बोल्टने जोडा, पुढच्या वेळी खोलायला सोपं.

धातुवेडा
ग्रेड योग्य, साइझ बघावा लागेल. ३१६ एल ची यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकतो) किमान १७० मेगापास्कल, इतक्या जाड एमएसची २३० च्या आसपास. चकचकीत आहे म्हणून जास्त ताकदवान असं नसतं. जुन्या एमएस दांड्याइतका वाकण्याला टिकायचा तर ३१६ एल साधारण ५५ चा लागेल.

हर्णैकर_पोर
बुश ५० चा आहे. बोटीला नवी नळी बसवायची तर मोसम गेला.

धातुवेडा
मग ५० चाच, पण डुप्लेक्स २२०५, स्टेनलेसचाच जास्त ताकदवान प्रकार. यील्ड ४५०, खाऱ्या पाण्यात ३१६ पेक्षा सरस. रॉड २२०९ किंवा ३०९ एल मॉली. दोन टाक्यांमधे दांडा १५० डिग्रीखाली येऊ द्या, पण फार थंड टाकेही नकोत, नाहीतर फेराइट वाढून टाका ठिसूळ होतो. एक गोष्ट उलटी वाटेल : रंग फक्त एमएसच्या पात्याला लावू नका, बुशाबाहेरच्या दांड्यालाही लावा. दांडा उघडा आणि पात्याच्या रंगाला एक ओरखडा, असं झालं की सगळा गंज त्या ओरखड्यावर तुटून पडतो. झिंकच्या वड्या (पात्याऐवजी स्वतः झिजणाऱ्या) पात्याला, रंगावर नाही, धातूला भिडवून.

रॉडवाला
डुप्लेक्स ३१६ पेक्षा महाग पडेल. आणि रत्नागिरीत मिळणार नाही.

हर्णैकर_पोर
मुंबईला फोन केला, तुकडा मिळतोय. या वेळी सर्टिफिकेट घेऊनच. पात्याच्या दोन्ही प्लेटांना टाका मारायचा की एकाच?

मालवणी_माणूस
दोन्ही प्लेट? पातं पोकळ आहे?

हर्णैकर_पोर
हो, दोन प्लेट आणि मधे पट्ट्या. चारी बाजूंनी बंद. का?

रॉडवाला
आधी भोक पाडल्याशिवाय होल्डर हातात घेऊ नका! आत पाणी शिरलेलं असतं, गरम झालं की वाफ होते, पातं फुगतं, फुटतं. गंजातून आत गॅसही जमलेला असू शकतो. माणसं गेलीत अशाने.

हर्णैकर_पोर
भोक कुठे पाडू?

रॉडवाला
वरच्या कोपऱ्यात एक, खालच्या कोपऱ्यात एक. हॅन्ड ड्रिलने पाडा, गॅसने नाही. पाणी पूर्ण निथळू दे, हवा मारा, काम होईपर्यंत दोन्ही उघडी ठेवा. नंतर आटे पाडून फिरवून बसणारा प्लग. निघणारं पाणी खारं आहे का तेवढं चाखून कळवा, म्हणजे जुना टाका कुठे गळतोय ते शोधता येईल.