अभ्यास शाळेने घ्यायचा की घरच्यांनी?

महालवासी: रात्री साडेनऊला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला: 'उद्या जलचक्राचे मॉडेल आणावे.' मुलगी तिसरीत. कापूस, निळा कागद, फेव्हिकॉल शोधत तिची आई साडेअकरापर्यंत जागी. पोरगी केव्हाच झोपली होती. शेरा मिळाला 'अतिसुंदर'! आता हा शेरा कोणाचा? घरानं लेकराला वेळेवर झोपवावं, डबा द्यावा, आज काय शिकवलं ते विचारावं. गुणाकार शिकवणं शाळेचं काम. ज्याच्या घरी शिकवणारं कोणी नाही, त्यानं काय करायचं?

फळा_खडू: मी हिंगण्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मॉडेलचं म्हणणं शंभर टक्के मान्य, असले निरोप पाठवूच नयेत. पण वाचन आणि पाढे वर्गातल्या पस्तीस-चाळीस मिनिटांत पक्के होत नाहीत. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, निवडणूक, आपत्तीची कामंही आमच्याच गळ्यात. घरी शिकवा असं मी म्हणतच नाही, फक्त ऐका. माझ्या वर्गातली एक मुलगी रोज आजीला धडा वाचून दाखवते. आजीला अक्षरओळख नाही, पण नात अडखळली की तिला बरोबर कळतं. 'पुन्हा म्हण' म्हणते. पोरीचं वाचन दिवाळीपर्यंत सरसर झालं.

बुटीबोरी_शिफ्ट: आजी ज्याच्या घरी आहे त्याचं ठीक आहे मॅडम. मी कंपनीत, बायको पण कामाले जाते. पालकसभा शनिवारी अकराले. गेलो तर अर्ध्या दिवसाचा पगार कटते. नाही गेलो तर 'पालकांना काही पडलेली नाही'. बरं, सभेत काय? फी अन् गॅदरिंगचा ड्रेस. पोरगं कुठं अडकून राहिलं, ते कोणीच सांगत नाही.

कलमबहाद्दर: मग समितीत शिरा ना! सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कायदा २००९चा आहे. विनाअनुदानित खासगी शाळेला ही समिती लागू नाही, पण तिथं २०११च्या फी कायद्यानं पालक-शिक्षक संघ आहे, त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात. आपले लोक चिठ्ठीत नावच देत नाहीत, आणि मग ग्रुपवर भांडतात.

महालवासी: त्या समितीत फीची चर्चा होते साहेब, गुणाकाराची नाही.

फळा_खडू: आमच्याकडे तीही होत नाही. सभेला आया येतात, त्या बोलतात. बाप लोक रजिस्टरवर सही करून निघतात.

बुटीबोरी_शिफ्ट: रविवारी सकाळी ठेवा, मी येतो.

फळा_खडू: रविवार आम्हालाही एकच असतो हो भाऊ. शुक्रवारी संध्याकाळी सहा?

बुटीबोरी_शिफ्ट: फर्स्ट शिफ्ट असली तर जमते.