फूस, रसद की कुमक?

प्रश्न : पूर्व काँगोवरचा एक लेख मराठीत आणतेय. रवांडा एम-२३ या बंडखोरांना मागून मदत करतो, हा आरोप त्यात पानोपानी येतो. मी सगळीकडे ‘फूस’ लिहिलं. संपादकांनी समासात शेरा मारला, ‘मुलगी पळवून नेलीय का?’ ‘पाठिंबा’ लिहावं तर तो उघड असतो, सभेत जाहीर करण्यासारखा. काय लिहू?

ओसरी : शेरा खवचट आहे, पण बरोबर आहे. फूस कानाशी लागून दिली जाते. तिच्यात शब्द असतात, फार तर आमिष. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये एम-२३च्या बरोबरीने रवांडाचे ३,००० ते ४,००० सैनिक काँगोत असल्याचा अंदाज दिला होता. एवढी फौज म्हणजे कसली फूस? याला आपल्याकडे पेशवाईच्या कागदांतला चोख शब्द आहे, कुमक. पैसा, दाणागोटा, दारूगोळा गेला तर रसद. नुसतं उचकवलं तर चिथावणी.

काजळमाया : ताई, ‘कुमक धाडली’ असं सरळ लिहिलंत तर आरोपाचा निकालच लावलात. रवांडा हे नाकारतो. उलट १९९४चा तुत्सींचा नरसंहार करणाऱ्यांपैकी काही लोक ज्या एफडीएलआर या हुतू बंडखोर संघटनेत होते, तिला काँगो पोसतो असं त्याचं म्हणणं. जानेवारी २०२५ मध्ये काँगोतलं गोमा एम-२३च्या हाती पडलं. हे शहर रवांडाच्या गिसेन्यीला खेटून आहे, मधे फक्त सरहद्द. त्यानंतर काही दिवसांतच काँगोत तुमचं सैन्य आहे का असं मुलाखतीत विचारल्यावर अध्यक्ष कागामे ‘माहीत नाही’ म्हणाले. स्वतःच्याच सैन्याचा सरसेनापती! ‘कानावर हात ठेवणे’ याचं याहून चांगलं उदाहरण शाळेच्या पुस्तकातही मिळणार नाही. तेव्हा ‘कुमक धाडल्याचा आरोप’ म्हणा.

ओसरी : मान्य. पण शब्दांतला हा फरक म्हणजे नुसता कीस नव्हे. निकाराग्वाने अमेरिकेवर खटला भरला, त्याचा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २७ जून १९८६ रोजी दिला. निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांना शस्त्रं आणि प्रशिक्षण देणं हा बळाचा वापर ठरला. नुसता पैसा पुरवणं हा बळाचा वापर नाही, पण अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नक्कीच. आणि एवढं होऊनही काँट्रांच्या प्रत्येक कृत्याचं खापर अमेरिकेवर फोडायला न्यायालय तयार झालं नाही, कारण तेवढा प्रत्यक्ष ताबा सिद्ध झाला नव्हता. आपले मथळेवाले मात्र पहिल्याच दिवशी ‘हस्तक’ लिहून मोकळे होतात.

बाराखडी : ‘हस्तक’ नको तर ‘प्रॉक्सी’ का नको? सगळ्यांना कळतो.

काजळमाया : कळतो, पण कॉलेजात ‘माझी प्रॉक्सी लाव’ म्हणायचो तोच ऐकू येतो ना! ‘प्रॉक्सी वॉर’ला ‘छुपं युद्ध’ रुळलंय. ‘दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक’ लेखाच्या पोटात चालेल.

बाराखडी : जरा आडवाट. पाकिस्तानने जुलै २०२४ मध्ये टीटीपीला, म्हणजे तिथल्या तालिबानी गटाला, सरकारी कागदोपत्री ‘फितना अल-खवारिज’ नाव दिलं आणि मे २०२५ मध्ये बलुच बंडखोर गटांना ‘फितना अल-हिंदुस्तान’. नावातच आरोप, की यांच्यामागे भारत आहे. भारताने तो फेटाळला. हा ‘फितना’ म्हणजेच आपला फितवा ना?

ओसरी : हो, मूळ तोच अरबी शब्द. पण मराठीत आल्यावर त्याचं तोंड घराकडे वळलं. बेदिली, बखेडा हा अर्थ मागे पडला, आपलाच माणूस शत्रूला मिळणं हा पुढे आला. म्हणून एम-२३साठी फितवा चालणार नाही. तिथे काँगोच्या सैन्यातला कोणी गुपचूप त्यांना मिळाला तर त्याला म्हणा फितूर.

प्रश्नकर्ती : आणि ‘कोव्हर्ट’? ‘छुपी कुमक’ म्हटलं की छुपा कॅमेरा आठवतो.

ओसरी : ‘अंतस्थ’. तोही त्याच जुन्या कागदांतला. वरून तह, आतून कुमक.

प्रश्नकर्ती : मग मथळा, ‘एम-२३ला रवांडाची अंतस्थ कुमक?’ प्रश्नचिन्हासकट पाठवते. संपादक आता ‘अंतस्थ’वर काय शेरा मारतात ते उद्या कळवते.