‘मुख्य काळजीवाहक कोण?’ या प्रश्नाला खरे उत्तर मिळत नाही, कसे विचारावे?

प्रश्न (विद्यार्थिनी, समाजकार्य)
नमस्कार. उन्हाळी संशोधनासाठी मी आर्वी तालुक्यातील दोन गावांत, लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची घरी काळजी कशी घेतली जाते, याचा अभ्यास करीत आहे. सोबत काळजी घेणाऱ्यावर पडणारे ‘ओझे’ मोजणारी झॅरिट यांची मापनश्रेणी आहे : २२ प्रश्न, प्रत्येकी ० ते ४ गुण, कमाल ८८. पहिल्या आठ घरांपैकी सहा घरांत ‘मुख्य काळजीवाहक कोण?’ असे विचारताच ओसरीत बसलेल्या मुलाने ‘आम्ही सगळेच’ असे सांगितले. आणि जिने माझ्यादेखत सासऱ्यांची कूस बदलली, ती सून म्हणाली, ‘मी तर घरीच असते, मले काय काम?’ एका घरी ‘ओझे’ हा शब्द बाजेवरच्या आजींनी ऐकला आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. माझे काय चुकते आहे?

उत्तर (निवृत्त आरोग्यसेविका, यवतमाळ जिल्हा)
ताई, ‘काळजीवाहक’ हा शब्द गावात कोणाच्याच तोंडी नाही. ‘म्हाताऱ्याचं कोण करते?’ असे विचारा. भरवणे, पुसून काढणे, घाण काढणे, रात्री उठणे, हे सारे त्या एका ‘करणे’मध्ये येते आणि उत्तरात नाव एकाच व्यक्तीचे येते. पुरुष मंडळी पारावर गेली की जा, आणि रुग्णाच्या बाजेपाशी बसून मात्र यातले काहीही विचारू नका.

उत्तर (संशोधनपद्धतीचा शिक्षक, नागपूर)
त्यापुढे जाऊन ‘काल काय केले?’ असे विचारावे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात आदल्या दिवशी पहाटे ४ पासून चोवीस तासांची नोंद अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी घेतली होती. तोच साचा वापरा. मात्र चूल पेटवताना एक कान बाजेकडे असतो, त्यामुळे ‘त्याच वेळी आणखी काय?’ असा दुसरा रकाना हवाच, नाहीतर तिचा अर्धा दिवस ‘स्वयंपाक’ या नावाखाली जाईल. ‘ओझे’ हा शब्द बदलायचा असेल, तर भाषांतर पुन्हा तपासून घ्या आणि तसे अहवालात नोंदवा; प्रश्न मनाने बदलून गुण मूळ श्रेणीचे म्हणून देणे योग्य नाही.

उत्तर (शेतकरी, वाशीम जिल्हा)
माझ्या आईचे मी करतो, तेव्हा सून किंवा मुलगी गृहीत धरून घरात शिरू नका, ही विनंती. दुसरे असे की, मे महिन्यात वावर रिकामे आणि माणसे घरी असतात. खरी ओढाताण पेरणीनंतर निंदणाच्या दिवसांत होते. त्या वेळी आईपाशी थांबायचे तर स्वतःच्या वावरात मजूर लावावा लागतो, आणि जो दुसऱ्याकडे मजुरीला जातो त्याची रोजीच बुडते. श्रावणबाळ योजनेचे पैसे आले, तरी ते काढायला अंगठा आईचाच लागतो आणि तिला बँकेपर्यंत नेणे हा आमच्या घरी एका दिवसाचा कार्यक्रम असतो. हा दिवस तुमच्या कोणत्या रकान्यात बसेल?

विद्यार्थिनी
आपणा सर्वांचे आभार. काल तीन घरी ‘कोण करते?’ असेच विचारले. त्यांत ती ‘घरीच असणारी’ सूनही होती. तिच्या नोंदीत रात्रीचे तीनदा उठणे निघाले. आधी का सांगितले नाही, असे विचारले तर म्हणाली, ‘ते तर रोजचंच आहे.’ बँकेच्या दिवसासाठी वेगळा तक्ता करीत आहे. जुलैच्या निंदणात याच घरी पुन्हा जाण्याची परवानगी मार्गदर्शकांकडे मागितली आहे.