मॉडेल १२ साठी कारागीर निवडताना

सासऱ्यांची विंचेस्टर मॉडेल १२ शॉटगन ‘नव्यासारखी’ करून देणारा गनस्मिथ (बंदूक दुरुस्त करणारा कारागीर) अमेरिकेत कुठे मिळेल, हा प्रश्न वाचला. कळकळीने सांगतो, नव्यासारखी करू नका! सरसकट पॉलिश मारलं की कडा गोल होतात, नळीवरची अक्षरं पुसट होतात आणि संग्राहकांच्या दृष्टीने किंमतही उतरते. कारागिराचं आधीचं काम हातात घेऊन बघा. अक्षरं ठसठशीत आहेत का, स्क्रूच्या खाचा फाटल्यात का, एवढ्यावरून हात कळतो. टेकडाउनच्या, म्हणजे बंदुकीचे दोन भाग जिथे सुटे होतात त्या, सांध्यातली ढिलाई कशी काढता, हेही विचारा. त्यासाठी या बंदुकीत ॲडजस्टिंग स्लीव्ह, म्हणजे सांधा घट्ट करणारी कडी, असते. जाणकार लगेच तिचंच नाव घेईल.

बंदूक १६ गेजची (गेज म्हणजे नळीच्या व्यासाचं माप) आणि जुनी असेल तर चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, आधी मोजून घ्या. सुरुवातीच्या बंदुकांचं चेंबर २ ९/१६ इंचाचं होतं, आजचं काडतूस २ ३/४ इंची, म्हणजे त्या चेंबरला लांब; ते त्यात वापरू नका.

कारागिराचं नाव हवं असेल तर जवळच्या ट्रॅप शूटिंग (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेमबाजी) क्लबात जा. तिथे मॉडेल १२ वर्षानुवर्षं वापरलेले नेमबाज भेटतात, आणि चांगला कारागीर त्यांना माहीत असतो. तो दुसऱ्या राज्यात असला तरी परवानाधारक गनस्मिथकडे दुरुस्तीसाठी बंदूक थेट पाठवता येते.