विषय: चौकातले २५ फूट मोकळे ठेवण्याच्या मागणीसाठी मंडळाने टाउनशिपकडे (स्थानिक प्रशासनाकडे) जावे

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या आपल्या एडिसन-इझेलिन भागात उन्हाळा लागला की भारतातून आलेले आईवडील संध्याकाळी पायी बाहेर पडतात. भाजी, देऊळ, वाचनालय, कुठेही जायचे तर त्यांना चालतच जावे लागते, कारण मुले कामावर असतात आणि इथे गाडी चालवणे त्यांच्यापैकी बहुतेकांना जमणारे नसते. ओक ट्री रोडच्या एखाद्या कोपऱ्यावर थोडा वेळ उभे राहून पाहावे. झेब्रा पट्ट्यांना अगदी खेटून डिलिव्हरी व्हॅन लावलेली असते, आजोबा फुटपाथवरून एक पाय खाली टाकून व्हॅनच्या कडेने मान पुढे काढतात, आणि वळणाऱ्या चालकाला ते दिसतात ते तेव्हाच. चालक बेफिकीर असतोच असे नाही; मधल्या व्हॅनमुळे दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो.

न्यू जर्सीच्या कायद्यानुसार क्रॉसवॉकपासून (झेब्रा पट्ट्यांपासून) २५ फुटांच्या आत आणि स्टॉपच्या पाटीपासून ५० फुटांच्या आत गाडी उभी करता येत नाही. याच राज्यातल्या होबोकन शहराने हा नियम नुसता कागदावर ठेवला नाही. रस्त्याचे डांबरीकरण निघाले की त्याच कामात कोपऱ्यांवर लवचीक खांब, सायकलींचे स्टँड आणि पावसाचे पाणी जिरवणारे वाफे बसवले, म्हणजे तिथे गाडी लावायला जागाच उरत नाही. पुढे वेगमर्यादाही ताशी २० मैलांवर आणली. जानेवारी २०१७ मध्ये त्या शहरात वाहतूक अपघातात एक बळी गेला. त्यानंतरच्या आठ वर्षांत तिथे वाहतूक अपघातात एकही बळी गेला नाही.

आपल्यासाठी दुसरी एक गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. वाहनचालकांचीच संस्था असलेल्या ‘ट्रिपल ए’च्या प्रतिष्ठानाने २०११ साली मांडलेल्या अभ्यासानुसार, ताशी २५ मैल वेगाच्या गाडीची धडक ७० वर्षांच्या माणसाला जितकी घातक ठरते, तितकी घातक ठरायला तिशीतल्या माणसाला ती ताशी ३५ मैल वेगाने बसावी लागते. म्हणजे आपल्याला सावकाश वाटणारा वेगही आपल्या आईवडिलांसाठी सावकाश नाही.

मंडळाने टाउनशिप कौन्सिलला पत्र द्यावे आणि सभेत आपल्यापैकी काहींनी बोलावे, अशी माझी विनंती आहे.

आपली,
संयोजक, ज्येष्ठ नागरिक उपक्रम

---

आदरणीय ताई आणि सर्व सभासद, नमस्कार.

आपली कळकळ पोचली आणि ती रास्तच आहे. तरीही ओक ट्री रोडवर दुकान चालवणारा म्हणून तीन शंका मांडतो. शनिवार-रविवारी आणि दिवाळीच्या आधी लोक लांबून खरेदीला येतात. पार्किंग मिळाले नाही तर ते परत फिरतात आणि त्याची झळ छोट्या दुकानाला आधी लागते. दुसरे म्हणजे होबोकन सव्वा चौरस मैलांचे दाट वस्तीचे शहर आहे, आपली उपनगरे तशी नाहीत. तिसरे, मंडळ ही करमुक्त सांस्कृतिक संस्था असल्याने तिने राजकारणात पडावे का, याचा कार्यकारिणीने नीट विचार करावा.

आपला,
एक व्यावसायिक सभासद

---

नमस्कार दादा,

आपण मोकळेपणाने लिहिलेत हे फार बरे झाले, कारण दुकानदारांना वगळून ही मागणी पुढे नेण्याची माझी इच्छा नाही. रस्त्याच्या कडेला लावलेल्या एका गाडीला साधारण २० ते २२ फूट लागतात, म्हणजे प्रश्न कोपऱ्यागणिक एखाद्या गाडीचा आहे, आणि ती गाडी तिथे लावणे आजही बेकायदेशीरच आहे. शिवाय कोपऱ्यावर फुटपाथ रस्त्याच्या बाजूला वाढवून बांधला तर २५ ऐवजी १० फुटांची मर्यादा ठेवण्याची मुभा याच कायद्यात आहे. माल उतरवण्यासाठी दोन चौकांच्या मधोमध राखीव जागा मिळावी, हे कलम आपण पत्रात जरूर घालू. व्हॅन कोपऱ्यावर थांबतात त्या बऱ्याचदा दुसरी सोय नसते म्हणून.

होबोकनची प्रत्येक गोष्ट इथे लागू होणार नाही, हे मान्य. आपले रस्ते रुंद आहेत, पण त्यामुळे ओलांडायला वेळ अधिक लागतो. पादचारी सिग्नलचा वेळ सामान्यतः सेकंदाला साडेतीन फूट चाल धरून काढतात. ६० फुटांच्या रस्त्याला त्या हिशेबाने साधारण १७ सेकंद पुरतात, मात्र गुडघे दुखणाऱ्या आजी सेकंदाला तीन फूट चालत असतील तर त्यांना २० लागतात. हळू चालणाऱ्यांची नेहमी ये-जा असेल तिथे कमी चाल धरण्याचा विचार व्हावा, असे वाहतूक सिग्नल आणि पाट्यांच्या राष्ट्रीय नियमावलीतच म्हटले आहे, तेव्हा आपण नवे काही मागत नाही. आपल्या भागातून जाणारा मार्ग २७ मात्र राज्याच्या ताब्यात असल्याने तिथल्या चौकांसाठी राज्याच्या परिवहन खात्याला वेगळे पत्र लागेल.

राजकारणाबद्दल म्हणाल तर करमुक्त संस्थेला उमेदवाराचा प्रचार करण्यास पूर्ण बंदी आहे. रस्त्याच्या सुरक्षिततेची मागणी करण्यास नाही. कौन्सिलच्या प्रत्येक सभेत लोकांना बोलण्यासाठी वेळ राखून ठेवणे राज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे आणि तिथे बोलायला मतदार असावे लागत नाही, त्यामुळे एच-वन व्हिसावरच्या आपल्या मुलामुलींनीही यावे.

---

ताई, नमस्कार.

माझे बाबा व्हीलचेअर वापरतात, म्हणून एक भर घालते. बसला रॅम्प असतो, पण थांबा नुसत्या गवतावर असेल तर त्या रॅम्पचा उपयोग होत नाही. तेव्हा थांब्यापर्यंत सलग फुटपाथ आणि कोपऱ्यावर उतार ही मागणीही असावी. भारतातून आलेल्या अपंग पाहुण्यांना ‘ॲक्सेस लिंक’ या अपंगांसाठीच्या सार्वजनिक वाहनसेवेची गाडी अभ्यागत म्हणून वर्षात २१ दिवस मिळू शकते, पुढे रीतसर अर्ज करावा लागतो. ही गाडी बसमार्गांच्या पाऊण मैलाच्या पट्ट्यातच येते, म्हणून जिथे बस नाही तिथे तीही नाही. सहा महिने राहणाऱ्या आईवडिलांसाठी घरातल्यांनी हा अर्ज ते आल्या आल्याच करावा.

---

सर्वांचे आभार. फुटपाथ, उतार आणि माल उतरवण्याची जागा हे तिन्ही मुद्दे घालून मसुदा रविवारी इथेच पाठवते. दादा, आपल्या शेजारच्या दुकानदारांनी तो वाचून सह्या कराव्यात यासाठी मी स्वतः आपल्यासोबत येईन.