डोळ्यातून किरण निघतो, हे कशावरून?

प्रश्न: न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखेनुसार डोळ्यातला तेजोमय किरण वस्तूपर्यंत जातो. पण तो दिसत नाही, मग मानायचा कशाच्या आधारावर?

उत्तर १: न्यायसूत्रे या न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात निशाचर प्राण्यांच्या चमकणाऱ्या डोळ्यांचा दाखला आहे. काच आणि अभ्रक यांच्याआडची वस्तू किरण तिथवर पोहोचू न शकताही दिसते, या आक्षेपावर ती द्रव्ये किरणाला अडवत नाहीत, असे तिथेच उत्तर दिले आहे.

उत्तर २: जैन आचार्य पूज्यपादांचा प्रतिवाद मला अधिक बिनतोड वाटतो: डोळा स्पर्शाने जाणत असता, तर त्वचेप्रमाणे त्याने स्वतःला चिकटलेले अंजन आधी जाणले असते, ते तर त्याला दिसतच नाही. बौद्धांनाही डोळ्याचा वस्तूशी असा संपर्क अमान्य होता.

उत्तर ३: बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल्-हैसम या शास्त्रज्ञाने अकराव्या शतकात प्रखर प्रकाशाने डोळा दुखतो, याकडे बोट दाखवून प्रकाश बाहेरून आत येतो, असे मांडले.